घरातल्या सेंट्रल एसीसाठी डक्ट, म्हणजे थंड हवा खोल्यांपर्यंत नेणारा पाइप, फ्लेक्सिबल घ्यावा की पत्र्याचा?

मेन लाइन पत्र्याचीच करा, म्हणजे जीआय शीटची (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा), आणि फ्लेक्सिबल फक्त शेवटच्या छोट्या तुकड्याला, ग्रिलपर्यंत (खोलीत हवा सोडणारी जाळी) जोडायला वापरा. पत्रा आतून गुळगुळीत असतो त्यामुळे हवा अडत नाही आणि नीट बसवला तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही, फक्त बाहेरून इन्सुलेशन हवंच, नाहीतर थंड पत्र्यावर घाम सुटतो आणि सीलिंगवर पिवळे डाग पडतात.

फ्लेक्सिबल स्वस्त आहे, बसवायलाही सोपा, पण आत तारेचं स्प्रिंग आणि वर पातळ प्लास्टिक असतं, तो पूर्ण ताणून लावला नाही की आत चुण्या पडतात, मग हवा तिथेच अडते आणि लांबच्या खोलीत नुसती झुळूक येते, लोक मात्र एसीलाच दोष देतात! जास्तीचा पाइप गुंडाळून वर कोंबू देऊ नका, कापायलाच लावा.

प्री-इन्सुलेटेड पॅनलचा, म्हणजे आधीच आत फोम असलेल्या तयार पॅनलचा डक्टही चांगला, वजनाला हलका, वेगळं इन्सुलेशन लागत नाही, पण दाबाने लगेच चेपतो.

आणि जॉइंटला कापडी टेप अजिबात नको, तिचा गोंद सुकून सुटतो. मॅस्टिक (फटी बुजवायची घट्ट पेस्ट) किंवा अॅल्युमिनियम फॉइल टेपच लावून घ्या, सीलिंग बंद व्हायच्या आधी एकदा एसी चालू करून प्रत्येक जॉइंटवर हात फिरवून हवा गळतेय का बघा.