पडद्याच्या ऑपरेशनचा जुना पट्टा

प्रश्न : १९८९ साली माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, नजर वाचली. वर्षभरापासून मात्र जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात आणि वरच्या पापणीखाली गाठ हाताला लागते. स्कॅन पाहून ट्यूमरची शंका घेतली गेली आहे. त्या ऑपरेशनचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि मला तरी आधी तोच संशय येईल. सुटलेला पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर बाहेरून पट्टा शिवतात. तो बहुधा जन्मभर तिथेच राहतो आणि पेशंट त्याला विसरून जातो. (डॉक्टरही विचारायला विसरतात.)

पट्टा कशाचा होता, हे महत्त्वाचं. सिलिकॉनचे पट्टे सहसा वर्षानुवर्षं गुमान बसतात. क्वचित वरचं आवरण फाटून डोकावतात, मग डोळा लाल, सारखी चिपडं. पण १९८०च्या दशकात आणि नंतर काही वर्षं हायड्रोजेलचेही (पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक) वापरले गेले. मऊ, म्हणून डोळ्याला बरे असं वाटायचं. पुढे ते पाणी शोषून भिजलेल्या डिंकासारखे फुगू लागले. फुगलेला पट्टा डोळा फिरवणाऱ्या स्नायूंना अडवतो, दोन्ही डोळे एका रेषेत राहत नाहीत. स्कॅनमध्ये तो गाठीसारखाच दिसतो.

घरी एवढं करून पाहा : आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कुठलाही झाकला की जास्तीची पायरी जात असेल, तर दोष डोळ्यांच्या रेषेत आहे. एकाच डोळ्यानेही दोन दिसल्या, तर मोतीबिंदूसारखं दुसरं कारण शोधावं लागेल.

असा एक पट्टा मी काढला आहे. चिमट्यात धरावा तर तुकडा हातात, बाकीचा आत. शेवटी उरलेला चोथा नळीने ओढून घेतला. म्हणून फुगत चाललेल्या हायड्रोजेलला मी फार दिवस देत नाही. सिलिकॉनचा पट्टा त्रास देत नसेल तर हात लावत नाही. काढल्यावर पडदा पुन्हा सुटू शकतो, आणि दोन दिसणं पूर्ण जाईलच असं नाही. कधी दोन प्रतिमा जुळवणारा प्रिझमचा चष्मा लागतो.

ऑपरेशनचा कागद शोधा. नाही मिळाला तरी गाठीचा तुकडा काढू देण्याआधी पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांना आणि स्कॅन वाचणाऱ्यांना 'आत पट्टा असू शकतो' हे पहिल्याच वाक्यात सांगा. मधेच चमका, नवे काळे ठिपके किंवा कडेने सावली सरकताना दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.