एकमताच्या ठरावावर लगेच विश्वास ठेवू नकोस

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

लिथुएनियातल्या जुन्या उमरावी सभांवरचा, म्हणजे सेयमिकांवरचा, तुझा मसुदा वाचला. मेहनत जागोजाग दिसते. पण राद्झिविल, सापिएहा, पात्स ही बडी घराणी भांडतात आणि लहान उमराव मेजवानी झोडून हात वर करतो, एवढ्यावरच तू थांबला आहेस.

सेयमिक म्हणजे जिल्ह्यातल्या उमरावांची सभा. १५६०च्या दशकातल्या सुधारणांनी ती जिल्ह्याजिल्ह्यांत भरू लागली. वरच्या सेयमसाठी, म्हणजे राज्याच्या संसदेसाठी, दोन प्रतिनिधी निवडायचे, त्यांना लेखी सूचना द्यायच्या, हे तू लिहिलं आहेस. न्यायालयाचं मात्र निसटलं. जिल्ह्याच्या जमीन न्यायालयात जागा रिकामी झाली की सभा चार नावं सुचवी आणि राजा त्यांतलं एक निवडी. १५८१ मध्ये वरचं न्यायाधिकरण आलं, तेव्हापासून त्याचे न्यायाधीशही सेयमिकच निवडू लागले. शेजाऱ्याशी बांधावरून खटला चालू असलेल्या माणसाला तिथे कोण बसतो याची काळजी असणारच. एखाद्या बड्या घराण्याचा आसरा घेण्यामागे हा हिशेबही असे. त्याला नुसता लाचार म्हणू नकोस.

सभा पुष्कळदा चर्चमध्ये भरे आणि लोक कमरेला तलवार लावून येत. निर्णय सर्वसंमतीने व्हावा अशी अपेक्षा असे. ती जमली नाही की एक गट उठून वेगळी सभा घेई, आपले प्रतिनिधी निवडी आणि गढीच्या न्यायालयात दुसऱ्या गटाविरुद्ध तक्रार नोंदवी. त्या नोंदी आधी वाच. आत कुणाला येऊ दिलं नाही, तलवार कुणी उपसली, कुणाची सही नाकारली, हे तिथे सापडतं. तक्रारदारही बाजू घेऊनच बोलतो, म्हणून दोन्ही गटांची कागदपत्रं समोरासमोर ठेव.

१६५२ मध्ये एकट्याच्या नकाराने सेयम मोडणारा उपिते जिल्ह्याचा प्रतिनिधी सिचिन्स्की तू दोन पानं रंगवला आहेस. एक परिच्छेद पुरे. ती जागा नोव्हेंबर १७००च्या वाल्किनिंकाईच्या लढाईला दे. सैन्य काझिमिएश सापिएहाच्या हाती, खजिना भाऊ बेनेडिक्टच्या, तरी उमरावांच्या जमावाने त्या घराण्याला हरवलं आणि हाती लागलेल्या मिखाउ सापिएहाला ठार केलं. जमावाचे पुढारीही विश्निओविएत्स्की, ओगिन्स्की असे बडेच होते, हे लपवू नकोस. पण त्यांच्यामागे एवढे लोक का आले, याचं उत्तर आधीच्या वर्षांच्या सेयमिकांत शोध.

एकच जिल्हा निवड, दहा वर्षं घे आणि नवा मसुदा पाठव.

तुझा,
सर