मेकरस्पेस काढण्याआधी भाड्याचा हिशेब

नाशिकचे एक पालक लिहितात : मुलगी मेकॅनिकलच्या अंतिम वर्षाला आहे. नोकरी न धरता तिघा मित्रमैत्रिणींसह मेकरस्पेस, म्हणजे सर्वांना वापरता येईल अशी कार्यशाळा, काढायचे तिने ठरवले आहे. थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटरसाठी आम्ही पैसे द्यावेत का? अशी जागा टिकते का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात यंत्रांच्या किमती बारकाईने दिल्या आहेत. मात्र दरमहाचे भाडे, वीजबिल, दुरुस्ती आणि तिथे दिवसभर थांबणाऱ्या माणसाचे मानधन यांचा उल्लेख नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. यंत्रासाठी एकदा देणगी मिळू शकते, भाड्यासाठी दर महिन्याला कोणी देणगी देत नाही. कॅलिफोर्नियात २००६ साली सुरू झालेल्या टेकशॉप या मेकरस्पेसच्या साखळीकडे उत्तम यंत्रे आणि हजारो सभासद होते. तरीही मोठ्या जागांचा खर्च वर्गणीतून भागेना आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी पत्करून तिने अमेरिकेतील आपल्या दहाही शाखा एकाएकी बंद केल्या. याउलट जर्मनीत बर्लिनला १९९५ पासून असलेली सी-बेस ही अशीच सामायिक जागा सभासदांनीच चालवलेली नोंदणीकृत संस्था आहे आणि ती आजही उभी आहे.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली; ही कल्पना जिथे निघाली त्या अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाबाहेरची ती पहिली. पण तिच्या कितीतरी आधीपासून तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी शिकता शिकता गावकऱ्यांची खरी कामे मोबदला घेऊन करत होती. कार्यशाळेची गरज गावाला होती, म्हणून नवे यंत्र आले तेव्हा त्याला काम शोधत बसावे लागले नाही.

म्हणून मुलीने आधी काही महिने पाबळला राहून शिकावे. मग महाविद्यालयाची कार्यशाळा संध्याकाळी वापरण्याची परवानगी मागावी, वीसएक माणसे जमवावीत आणि पहिल्या दिवसापासून वर्गणी घेऊन तिची वही ठेवावी. किल्ली चौघांकडे असावी आणि यंत्र सुरक्षितपणे चालवायला शिकवणारेही एकाहून अधिक असावेत; सगळा भार एकटीवर पडला, तर ती दमली की जागा बंद पडते, हे मी फार पाहिले आहे. सलग सहा महिने जमलेली वर्गणी पुढे घ्यायच्या जागेच्या भाड्याइतकी दिसली, की लेझर कटरचे पैसे आपण निःशंकपणे द्यावेत.