शहाबादीची दुकानं टाइल्सची कशी झाली, आणि खान्देशात टाइल्स उन्हाळ्यात का उचलतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जळगाव-धुळ्याकडची शहाबादीची दुकानं टाइल्सच्या शोरूममध्ये कशी बदलली, आणि नव्या घरांतल्या टाइल्स मे महिन्यात फुगून का उचलतात. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माल बदलला, बसवण्याची पद्धत मात्र पुष्कळ ठिकाणी शहाबादीचीच राहिली.

सारवलेल्या जमिनीनंतर आपल्याकडे आली कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातली शहाबादी. हा चुनखडीचा दगड, इंच-सव्वा इंच जाड आणि खालून खरबरीत. मग मोझॅक आली. मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सची सुरुवात 1922 ची. मोझॅक सिमेंटची, पाणी पिणारी. भिजवून बसवायची आणि जागेवर घासून पॉलिश करायची. पुढे राजस्थानचा कोटा दगड.

दगडाच्या व्यापाराला उघडं आवार लागतं, चढ-उतारात तूट होते आणि जाडी सारखी नसल्याने मिस्त्रीचा वेळ जातो. 2000 नंतर गुजरातमधल्या मोरबीचा व्हिट्रिफाइड माल, म्हणजे जास्त उष्णतेवर भाजलेल्या घट्ट, काचेसारख्या टाइल्स, सुरत-नवापूर-धुळे-जळगाव महामार्गाने भरभरून येऊ लागला. दोन बाय दोन फुटांच्या टाइल्सच्या एका खोक्यात साधारण 4 टाइल्स, म्हणजे 1.44 चौरस मीटर. खोकी रचून ठेवता येतात आणि गिऱ्हाइकाला डिझाइन भिंतीवर दाखवता येतं. लहान गाळ्यातही धंदा बसला.

आता बिघाड कुठे होतो ते बघा. शहाबादी आणि मोझॅक सिमेंटचं पाणी शोषून घट्ट धरतात. व्हिट्रिफाइड 0.5 टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसता सिमेंटचा घोळ तिला नीट पकडत नाही. त्यात सांधा दिसू नये म्हणून टाइल टाइलला भिडवतात आणि कडेला भिंतीला टेकवतात. 15 फूट लांबीची टाइल्सची ओळ 25 अंशांनी तापली की पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. खालचा स्लॅब पहिली दोन-तीन वर्षं आकसतच असतो. जागा नसली की मधली ओळ तंबूसारखी उभी राहते.

म्हणून पॉलिमरचा टाइल चिकटा (टाइल अ‍ॅडहेसिव्ह) वापरा. पोत्यावर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि चिकट्याचा टाइप बघून घ्या. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलला टाइप 2 किंवा त्यावरचा घ्या. खाचेच्या थापीने ओढून 3 मिलिमीटरचा थर ठेवला तर 20 किलोच्या पोत्यात सुमारे 50 चौरस फूट होतात. टाइलच्या मागची पांढरी पूड पुसून काढा. टाइल टाकल्यावर एखादी लगेच उचलून बघा, मागे चिकटा सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे. चार कोपऱ्यांवर गोळे ठेवून बसवलेली टाइल पोकळ वाजणार आणि जड कपाटाखाली फुटणार. दोन टाइल्समध्ये फट राखणारे 2 ते 3 मिलिमीटरचे स्पेसर लावाच. भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर फट ठेवा, त्यात सिमेंट भरू नका. भिंतीच्या पायाशी लावलेली स्कर्टिंगची पट्टी ती झाकते. ऊन येणाऱ्या ओट्यावर किंवा गच्चीवर दर 8 ते 10 फुटांवर लवचीक सिलंट भरलेला सांधा हवा.

तळमजल्यावर याहून मोठा शत्रू काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्यात खोदलेली काळी माती परत भरणं ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. चांगला मुरूम 6 ते 9 इंचांच्या थरांत पाणी मारून, धुमस करून भरा. त्यावर दगडाचं सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर), मग 4 इंच कोबा. कोबा वाळायला दोन-तीन आठवडे द्या. एवढं न करता बसवलेली कितीही महाग टाइल भेगाळणारच.

खरेदी करताना सगळ्या खोक्यांवर शेड आणि बॅच नंबर एकच आहे का ते पाहा. 5 ते 7 टक्के माल जास्त घ्या, कारण तीच बॅच नंतर मिळत नाही.

आधीच उचललेली फरशी ठोकून खाली बसवू नका. ती ओळ काढा, भिंतीची कड मोकळी करा, आजूबाजूच्या टाइल्स नाण्याने ठोकून पोकळ कोणत्या ते बघा, जुना मसाला खरवडा आणि त्या जागी सांधा ठेवून चिकट्याने पुन्हा बसवा.