संकटाची शिदोरी मोंढ्यातूनच भरा

मराठवाड्यातल्या सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर आलेल्या प्रश्नांचा सूर बहुतेक एकच आहे: अडचणीच्या वेळेचं सामान आणायचं कुठून? त्यातले पाच प्रश्न आज घेतोय.

प्रश्न : आमचं गाव सीना नदीच्या काठी आहे. मुलगा म्हणतो, ऑनलाइन ‘इमर्जन्सी किट’ मागवू. घ्यावं का? (परांडा तालुका)

घेऊ नका. असल्या किटमधल्या निम्म्या वस्तू डोंगर चढणाऱ्यांच्या कामाच्या असतात. सीनेच्या काठी होकायंत्र लावून तुम्ही काय शोधणार? माझी कसोटी साधी आहे. वस्तू बिघडली किंवा संपली, तर ती तालुक्याच्या बाजारात पुन्हा मिळते का? मिळत असेल तरच घ्यायची.

बॅटरी घ्यायची ती किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारी. दोर आठवडी बाजारात दावी-कासरे विकणाऱ्याकडून घ्या. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड आणि सलग हवा. गाठ मारून जोडलेला तुकडा नको. ताडपत्री घेताना रंग पाहू नका, कडा पाहा. कडेत दोर शिवलेला आणि छिद्रांना धातूच्या कड्या असतील तरच ती वाऱ्यात टिकते. जलसंजीवनीची पाकिटं आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मागा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं आणि 24 तासांत संपवायचं.

खायला फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे. धपाटे दोन दिवस सहज निघतात. आधार, पासबुक आणि जमिनीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. दाराजवळ एक धारदार विळा टांगा. पाणी चढताना ओल्या दाव्याची गाठ सुटत नाही, ती कापावीच लागते. आणि भिंतीवर खडूने दोन नंबर लिहून ठेवा: 112, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077.

प्रश्न : आम्ही चौघं फ्लॅटमध्ये राहतो. महिन्याचं धान्य साठवायचं तर किती, आणि सोंडे कसे आवरायचे? (लातूर)

माणशी रोज 400 ग्रॅम धान्य धरलं तर चौघांना महिन्याला 48 किलो लागतं, त्यावर सात-आठ किलो डाळी. म्हणजे एका क्विंटलची पत्र्याची कोठी पुरून उरते. ज्वारी मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातून, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, तीही रब्बीची रास झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला. तेव्हा माल नवा असतो आणि वाळवायला ऊनही कडक असतं. पावसाळ्यात घेतलेलं धान्य आधीच ओल धरून येतं.

दाणा दाताखाली धरून पाहा. कट्‌कन फुटला तर वाळला, नुसता चेपला तर अजून दोन उन्हं द्या. इथे बरेच जण घाई करतात आणि गच्चीवरचं तापलेलं धान्य तसंच कोठीत ओततात. मग आत वाफ धरते, झाकणाला आतून पाणी सुटतं आणि महिनाभरात बुरशीचा वास येतो. रात्रभर सावलीत पसरून गार करा आणि सकाळी भरा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवूनच. ओला पाला घातला तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. डाळींना एरंडेलाचा हात लावायची आजीची पद्धत आजही चालते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही.

आता अडचण पुढची. वीज गेली की गिरणी बंद. कोठी भरलेली आणि भाकरी नाही, अशी गत होते. पीठ महिनाभराचं दळून ठेवलं तर ज्वारीचं कडवट होतं, म्हणून आठवड्याचंच ठेवा. जोडीला न दळता शिजणारं हवं: तांदूळ, मुगाची डाळ, हुलगे. घुगऱ्यांना गिरणी लागत नाही. गावाकडे जातं पडून असेल तर भंगारात देऊ नका.

प्रश्न : पुरात विहीर बुडाली. बोअर आहे, पण त्याचं पाणी चालेल का? (गेवराई तालुका)

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला करू द्या. विहिरीत पाणी किती, यावर मात्रा ठरते. मात्र पावडरची पिशवी तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. पावडरीला झोंबणारा वास नसेल तर ती मेलेली आहे, परत करा.

घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, गाळ बसला की वरचं पाणी कपड्याने गाळा आणि मगच क्लोरीन घाला. गाळ बसण्याआधी घातलेलं क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते; घातल्यावर अर्धा तास थांबा. उकळायला सरपण असेल तर खळखळून उकळलेलं पाणीही चांगलंच.

बोअरचं पाणी दिसतं नितळ, पण मराठवाड्यात काही ठिकाणी त्यात फ्लोराइड जास्त असतं. किनवटकडची गावं याचा त्रास जाणतात. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं तपासणी किट असतं, ते मागा. पाणी भरायला फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी वापरू नका. माणशी रोज तीन लिटर पिण्याचं धरून निदान तीन दिवसांचं भरून ठेवा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पण त्याआधी लोकांनी किती दिवस काढले ते आठवा.

प्रश्न : आमच्याकडे अधूनमधून जमीन हलते. काय जवळ ठेवावं? (वसमत)

पलंगाखाली चप्पल, उशाशी बॅटरी आणि खेळाच्या दुकानातली एक शिट्टी. ढिगाऱ्याखालून ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. पण सामानापेक्षा छत महत्त्वाचं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत पहाटे माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, ओझ्याखाली. घर माळवदाचं असेल तर दरवर्षी वर मातीचा नवा थर चढवणं थांबवा, जुने थर जाणकाराकडून उतरवून घ्या.

प्रश्न : पुढच्या हंगामाला बियाणं घरचंच ठेवावं म्हणतो. जमेल का? (जिंतूर तालुका)

सोयाबीनचं जमेल, बीटी कपाशीचं नाही. ती संकरित आहे. पण काढणीच्या वेळी भिजलेलं सोयाबीन बियाण्याला धरू नका. बाकीच्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठवड्याने मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर पेरा. पोती आपटू नका, या दाण्याचं टरफल नाजूक असतं. कमी भरलं तर परभणीच्या कृषी विद्यापीठात 18 मे च्या खरीप मेळाव्यात बियाणं विकायला असतं. रांग मोठी लागते, तेव्हा घरून पहाटेच निघा.