मदतनिधी जमवताना

प्रश्न : मुलगा कोथरूडच्या एका शाळेत चौथीत आहे. अनाथाश्रमासाठी निधी जमवताना बाईंनी फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहिली. आता तो घरी ‘शंभर तरी दे ना’ म्हणून हटून बसतो.

बाईंना भेटा, पण भांडायला जाऊ नका. हेतू चांगलाच आहे, रीत चुकली. आकडे फळ्यावर आले की कुणाच्या घरी किती पैसा आहे, तेच मुलं त्यात वाचतात. शिक्षण हक्क कायद्याने गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर आलेलं मूलही त्याच बाकावर बसलेलं असतं. त्याने काय करायचं? वर्गात बंद डबा ठेवा असं सुचवा. ज्याला वाटेल त्याने टाकावं, न टाकणाऱ्याला कुणी विचारू नये, जाहीर करायची ती फक्त वर्गाची एकूण रक्कम. घरची रद्दी मुलालाच रद्दीवाल्याला घालू द्या आणि आलेले पैसे त्यालाच मोजू द्या. दहा रुपये असले तरी ते त्याचे असतील.

प्रश्न : मी हडपसरला शिक्षिका आहे. आनंद मेळाव्यात मुलांनी भेळ-सरबत विकून पैसे जमवले. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना दप्तरं वाटून फोटो काढायचा विचार आहे.

आधी विचारा, मग वाटा. वाघोलीकडे एका बांधकामावर पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली तीन नवी कोरी दप्तरं मी पाहिली आहेत. एकात कांदे भरले होते. दप्तरांची ददात नव्हतीच. मधला हमरस्ता ओलांडून पोरांना शाळेत पोचवणारं कुणी नव्हतं. तिथे रिक्षाचं महिन्याचं भाडं दिलं असतं, तर पोरं शाळेत दिसली असती.

प्रवेशासाठी मात्र निधी लागत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचाय, म्हणून अडवता येत नाही. हे त्या आईबापांना समजावून सांगा. तुमच्या विद्यार्थ्यांनाही सांगा, म्हणजे आपण उपकार करतोय असं त्यांच्या मनात येणार नाही.

फोटो नकोच. बालगृहातल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करणं तर बाल न्याय कायदा, २०१५ नुसार गुन्हा आहे. बांधकामावरच्या मुलालाही आपला हात पसरलेला फोटो गावभर फिरलेला आवडणार नाही.

प्रश्न : जमलेली रक्कम संस्थेला कशी द्यावी? (एक मुख्याध्यापक)

चेकने किंवा ऑनलाइन, थेट संस्थेच्या खात्यात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आधी तपासा, पावती घ्या. पालकांपैकी कुणाला देणगीवर आयकरात सवलत हवी असेल, तर २००० रुपयांवरची देणगी रोखीत चालत नाही. पै-पैचा हिशेब मुलांना दिसेल असा सूचनाफलकावर लावा.

प्रश्न : मी सातवीत आहे. पैसे कुठे द्यायचे ते मोठेच ठरवतात. आमचं ऐकतील का?

ऐकायला हवं. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्क संहिता केली आणि १९९२ मध्ये भारताने ती मान्य केली. तुमच्याशी संबंधित गोष्टीत तुम्हाला मत मांडता यावं आणि मोठ्यांनी ते विचारात घ्यावं, असं तिचं १२ वं कलम सांगतं. वर्गातले चार-पाच जण सरांना घेऊन दोन-तीन संस्थांत जाऊन या. तिथल्या मुलांना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐका, मग वर्गात मतदान घ्या. आणि एखादं मूल त्रासात दिसलं, तर १०९८ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. त्यासाठी निधी जमायची वाट बघू नका.