बसतो चेहऱ्यांसाठी, उठत नाही कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातली बहीण आणि तिची ब्राझिलियन शेजारीण, दोघींनाही कोरियन भाषेचं अक्षर कळत नाही, तरी 'द रेड स्लीव्ह' ही कोरियन मालिका बघून दोघी ढसाढसा रडल्या. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या राजाच्या प्रेमात एवढं काय आहे? देखणे चेहरे आणि रेशमी कपडे, एवढंच ना?

चेहरे आणि कपडे आहेतच, उगाच साळसूदपणा कशाला. मी स्वतः पहिली मालिका लावली ती पोस्टरवरच्या त्या काळ्या, आरपार दिसणाऱ्या टोपीसाठी. (तिला गात म्हणतात. बांबूच्या काड्या आणि घोड्याचे केस यांची असते.) पण टोपीच्या जोरावर माणूस फार तर दोन भाग काढतो. वीस भाग, तेही खालची ओळ वाचत वाचत, बघायचे तर आणखी काहीतरी लागतं. माझ्या मते ते म्हणजे खरीखुरी आडकाठी.

प्रेमकथेला अडथळा लागतोच. आजच्या काळातल्या मालिकेत तो ओढूनताणून आणावा लागतो. कुणाची स्मृती जाते, कुणी अर्धंच वाक्य ऐकून निघून जातं. दोघांनी पाच मिनिटं समोरासमोर बसून बोललं तर गोष्ट संपेल, हे आपल्याला दिसत असतं आणि चिडचिड होते. सागुकमध्ये, म्हणजे कोरियन ऐतिहासिक मालिकांमध्ये, अडथळा वाड्याच्या भिंतीतच चिणलेला असतो. जोसन राजवट १३९२ ते १८९७. कन्फ्युशियन शिस्त, घराणी, दरबारातले गट. राणी कोण होणार यात राजाच्या मनाला विचारतो कोण? तिथे बोलून प्रश्न सुटत नाही, उलट बोललं की डोकं जाण्याची भीती. मग नुसती बाही बाहीला लागली तरी आपण श्वास रोखतो.

'द रेड स्लीव्ह'चंच घ्या. (पुढे शेवट फुटतोय. इतर कुणी वाचत असेल आणि मालिका बघायची असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) मूळ नावातली लाल कड ही राजवाड्यातल्या सेविकांच्या बाहीची. या मुली लहानपणीच वाड्यात यायच्या, राजाच्या मानल्या जायच्या, बाहेर लग्न करायची सोय नाही. त्यातली एक दॉक-इम. युवराजाने तिला उपपत्नी होण्याबद्दल विचारलं, तिने रडत नकार दिला. पंधरा वर्षांनी, राजा झाल्यावर, त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नकार. शेवटी ती हो म्हणाली, पण हे दोन नकार पटकथेत घुसडलेले नाहीत. १७८६ मध्ये ती गरोदरपणातच वारली, तेव्हा राजा जोंगजोने तिच्यासाठी स्वतः स्मृतिलेख लिहिला आणि त्यात दोन्ही नकार नोंदवले. पहिल्याचं कारणही दिलं: युवराजाच्या पत्नीला अजून मूल नाही, अशात मी कशी पुढे होऊ? त्याच वर्षी, काही महिने आधी, दोघांचा लहानगा मुलगा गोवराने गेला होता. बायकोने आपल्याला दोनदा नाही म्हटलं, हे कुठला राजा दगडावर कोरून ठेवतो?

मालिकेने या नकाराला आणखी एक कारण दिलं आणि माझ्या मते सगळी जादू तिथे आहे. तिला तो आवडतो. पण उपपत्नी झाले की मैत्रिणी, गोष्टी वाचून दाखवणं, पुस्तकांच्या नकला करणं, हे आपलं म्हणावं असं थोडंसं जे आहे तेही जाईल, हे तिला दिसतंय. (नकला खऱ्याच. १७७३ मध्ये राजाच्या बहिणींबरोबर बसून तिने एका दहा खंडांच्या कादंबरीची प्रत उतरवली होती.) 'लग्नानंतर माझं असं काय उरेल?' हा प्रश्न समजायला कोरियन यावं लागत नाही. साओ पावलोतही कळतो, सांगलीतही.

आता एक खास आपला फायदा. बहीण इंग्रजी उपशीर्षकं वाचत असणार, तिला सांगा, कान उघडे ठेव. कोरियनमध्ये समोरच्याचा दर्जा क्रियापदात बसतो, आपल्या अरे-जारे आणि अहो-जाहोपेक्षाही जास्त पायऱ्यांनी. वर क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. म्हणजे वाक्य संपेपर्यंत तो तिला किती मान देतोय ते कळत नाही. इंग्रजीत सगळ्याचं सपाट 'यू' होतं. आणि राजाचं नाव! ते प्रजेने उच्चारायचंच नाही. म्हणून राजघराण्यात मुद्दाम दुर्मीळ अक्षरांची नावं ठेवायचे, लोकांची अडचण नको. २०१६ च्या 'मूनलाइट ड्रॉन बाय क्लाउड्स'मध्ये युवराज नायिकेला स्वतःचं नाव सांगतो. बस, एवढंच. नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या क्षणाचं वजन वेगळं समजावं लागत नाही.

परदेशी प्रेक्षकाचा आणखी एक नफा म्हणजे अज्ञान. हे चेष्टेने म्हणत नाही. 'मूनलाइट'मधला युवराज खऱ्या इतिहासातल्या ह्योम्यॉंगवर बेतलेला, तो १८३० मध्ये ऐन विशीत गेला. जाणत्या कोरियन प्रेक्षकाच्या हसण्यातही ते असतं. आपण रमा-माधवाची गोष्ट बघायला बसतो तेव्हा पहिल्या प्रसंगापासून थेऊर दिसत असतं, तसं. बाहेरचा माणूस बेसावध बसतो, मालिका संपल्यावर रात्री दोनला नाव शोधतो आणि मग दुसऱ्यांदा रडतो. २०१६ चीच 'मून लव्हर्स' कोरियात टीआरपीत 'मूनलाइट'पुढे टिकली नाही, बाहेर मात्र लोकांनी डोक्यावर घेतली. जोसनच्या आधीच्या गोऱ्यो काळातला कुठला राजकुमार पुढे ग्वांगजोंग नावाचा राजा होतो हे ज्याला माहीत नाही, त्याला ती शेवटपर्यंत रहस्यकथाच वाटते.

आणि मालिका संपते हो! सोळा-वीस भाग, की पडदा. आपल्याकडे नायिकेच्या मुलीची मुलगी बोहल्यावर चढेपर्यंत चालतं. ब्राझिलियन शेजारणीला हे नवीन नसेल, टेलिनोव्हेलाही, म्हणजे तिकडची रोजची मालिकाही, कधीतरी संपतेच. २०२२ मध्ये 'द किंग्ज अफेक्शन' या सागुकला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला तोही टेलिनोव्हेला गटातच.

हे सगळं नेटफ्लिक्समुळे, असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. २००३ ची 'दे जांग गम' पार इराणपर्यंत घराघरांत पोचली तेव्हा नेटफ्लिक्स टपालाने डीव्हीडी पाठवत होतं. आपल्या दूरदर्शननेही ती हिंदीत दाखवली होती. त्या नायिकेबद्दल राजवटीच्या बखरींत जेमतेम काही ओळी आहेत: राजा जुंगजोंगची वैद्य, एवढंच. पण त्या बखरी भलत्या काटेकोर. १४०४ मध्ये राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. त्याने हे म्हटल्याचीही नोंद झाली! पडलेला राजा सापडतो, एखादीच्या मनात काय चाललं होतं ते सापडत नाही. लेखकांना हीच जागा मोकळी मिळते.

एक गोष्ट खुपते तीही सांगते. या मालिकांतले नोकरचाकर हसतमुख असतात, मालकाच्या प्रेमात चिठ्ठ्या पोचवतात. प्रत्यक्षात त्यातले बरेच गुलाम होते, विकत घेतलेले किंवा वारशाने आलेले. सरकारी गुलामांच्या नोंदवह्या जाळल्या गेल्या १८०१ मध्ये, गुलामगिरी कायद्याने गेली १८९४ मध्ये. सुंदर अंगणात ते झाडू मारताना दिसतात आणि कॅमेरा पुढे जातो. मीही पुढे जाते, पण कळतं.

बहिणीला पुढची मालिका सुचवायची तर 'मिस्टर सनशाइन' इतक्यात देऊ नका, रुमाल अजून वाळला नसेल. २०२५ ची 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी' द्या. बाराच भाग, आजची आचारीण थेट एका लहरी राजाच्या मुदपाकखान्यात जाऊन पडते. फक्त जेवून बसायला सांगा.